हात पोचेल तिथे: मित्रोफानोफ शस्त्रक्रियेची कहाणी

मित्रहो,

१९७६ साली फ्रान्समधील रुआँ शहरात पॉल मित्रोफानोफ या बालशल्यचिकित्सकाने एका शस्त्रक्रियेला सुरुवात केली. लघवी रोखता न येणाऱ्या आणि स्वतःहून करताही न येणाऱ्या मुलांचे अपेंडिक्स त्यांनी मोठ्या आतड्यापासून वेगळे केले. त्याचे एक टोक मूत्राशयाच्या भिंतीत शिवले, दुसरे पोटाच्या त्वचेवर आणले आणि त्या चिंचोळ्या वाटेने नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची सोय केली. आज जगभरच्या बालमूत्ररोग विभागांमध्ये या वाटेला त्यांचेच नाव आहे. रुग्णांचे आईवडीलसुद्धा सहज ‘आमच्या मुलीचं मित्रोफानोफ झालंय’ असे म्हणतात. ही कल्पना कोणत्या गरजेतून आली, तिच्या आधी काय काय करून पाहिले गेले आणि तिच्यात राहिलेली उणीव पुढे कशी लक्षात आली, हे मला आज सांगायचे आहे. मूत्राशयाविषयी उघडपणे बोलायला आपण संकोचतो, पण ज्या घरात असे मूल आहे त्या घराचा सगळा दिवस याच एका गोष्टीभोवती फिरत असतो, म्हणून आज तो संकोच बाजूला ठेवू.

मूत्राशयाचे काम दोन प्रकारचे असते. बराच वेळ लघवी साठवणे हे पहिले, आणि योग्य वेळी ती पूर्णपणे बाहेर टाकणे हे दुसरे. साठवताना आतला दाब कमी राहावा लागतो, कारण वरच्या दोन्ही मूत्रपिंडांमधून लघवी सतत खाली येत असते आणि खालचा दाब वाढला तर तिला उतरायला जागा राहत नाही. मुलाच्या मूत्राशयाची क्षमता मोजण्याची एक साधी रीत आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो: वयात दोन मिळवायचे आणि येणाऱ्या संख्येला तीसने गुणायचे. या हिशेबाने सहा वर्षांच्या मुलाचे मूत्राशय साधारण २४० मिलिलीटर लघवी आरामात सांभाळते. साठवणे आणि सोडणे यांचा ताळमेळ पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या, कंबरेखालच्या मज्जातंतूंमधून राखला जातो. ज्या बाळाच्या मणक्यांची कमान गर्भातच नीट मिटत नाही आणि मज्जारज्जू उघडा राहतो, त्या बाळाचे हे मज्जातंतू जन्मापासूनच निकामी किंवा अर्धवट असतात. या व्यंगाला स्पायना बायफिडा म्हणतात. अशा मुलाचे पाय कमी-अधिक लुळे असतात, शौचावर ताबा नसतो आणि मूत्राशयही स्वतःच्या लहरीने वागते. कधी ते सतत गळते, कधी आतल्या आत आवळून दाब वाढवते, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच वेळी करते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या मुलांच्या मूत्राशयाचा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता, कारण बहुतेक मुले त्याआधीच दगावत. पाठीच्या उघड्या जखमेतून होणारा मेंदूज्वर आणि डोक्यात साचणारे पाणी यांतून फार थोडी वाचत. हे चित्र बदलण्यात एका बापाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील जॉन होल्टर हे कारखान्यात काम करणारे कुशल तंत्रज्ञ होते. त्यांच्या मुलाच्या डोक्यात पाणी साचत होते आणि ते बाहेर काढणाऱ्या नळ्या वारंवार बुजत होत्या. होल्टर यांनी सिलिकॉनची एकाच दिशेने उघडणारी झडप तयार केली आणि १९५६ पासून फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात ती मुलांना बसवली जाऊ लागली. पुढे इंग्लंडमध्ये शेफील्डच्या शल्यचिकित्सकांनी पाठीची जखम जन्मानंतर लगेच बंद करण्याचा आग्रह धरला, आणि १९६३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुले जगू लागली, शाळेत जाण्याच्या वयाला पोचली, आणि मग त्यांची मूत्रपिंडे एकामागून एक निकामी होताना दिसू लागली. मेंदूच्या आणि पाठीच्या आजारातून वाचलेले मूल मूत्राशयामुळे जाणार, ही त्या पिढीच्या डॉक्टरांपुढची खरी अडचण होती.

त्यावर त्या काळी एकच रूढ उपाय होता: मूत्राशयाला वगळून लघवीला दुसऱ्या वाटेने बाहेर काढायचे. या विचाराचा पहिला ठळक प्रयोग फार जुना आहे. १८५२ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जॉन सायमन यांनी एका मुलावर शस्त्रक्रिया केली. या मुलाचे मूत्राशय जन्मतः पोटावर उघडे पडलेले होते, आणि सायमन यांनी त्याच्या मूत्रवाहिन्यांतून, म्हणजे मूत्रपिंडांकडून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळ्यांतून, लघवी गुदाशयात वळवण्याचा प्रयत्न केला. तो मुलगा सुमारे वर्षभरच जगला. पुढे तंत्र सुधारले, शौचाबरोबर लघवी बाहेर पडण्याची ही व्यवस्था कित्येक दशके वापरात राहिली, पण आतड्याची भिंत लघवीतील क्षार शोषून घेई आणि रक्तातील आम्लाचे प्रमाण बिघडे. शिवाय बऱ्याच वर्षांनंतर मूत्रवाहिनी जोडलेल्या जागी मोठ्या आतड्याचा कर्करोग होण्याचा धोकाही दिसून आला. १९५० मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसच्या यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याचा एक तुकडा वेगळा काढून त्याला मूत्रवाहिन्या जोडण्याची आणि त्याचे दुसरे तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावण्याची पद्धत मांडली. ती मुळात कर्करोगाच्या प्रौढ रुग्णांसाठी होती. मुलांमध्येही ती सर्रास केली गेली, आणि काही वर्षे सगळ्यांना वाटले की प्रश्न सुटला. प्रौढ कर्करोग्याची पिशवी पाच-दहा वर्षे चालली तरी पुष्कळ होते, पण सहा वर्षांच्या मुलीला ती साठ वर्षे चालवायची असते. १९७५ मध्ये बोस्टनहून ९० मुलांचा दहा वर्षांनंतरचा आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यात तोंड अरुंद होणे, खडे, जंतुसंसर्ग आणि मूत्रपिंडांची हळूहळू होणारी झीज यांची नोंद इतकी मोठी होती की मुलांमध्ये ही शस्त्रक्रिया करताना शल्यचिकित्सक थबकू लागले. माझ्या मते मुलांच्या शल्यचिकित्सेत दीर्घ पाठपुराव्याइतके उपयोगी साहित्य दुसरे नाही, आणि त्याचे एक आणखी उदाहरण मी शेवटाकडे देणार आहे.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने एक अगदी साधी कल्पना पुढे येत होती, आणि तिच्याशिवाय मित्रोफानोफ यांची शस्त्रक्रिया निरर्थक ठरली असती, म्हणून तिथे थोडे थांबू. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमान पाठीला गोळी लागून कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांवर उपचार करत होते. मूत्राशयात कायमची नळी ठेवून देण्याऐवजी दिवसातून ठराविक वेळा नळी घालायची, मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी काढून टाकायची, अशी शिस्त त्यांनी बसवली. मात्र हे सगळे पूर्ण निर्जंतुक पद्धतीने, हातमोजे घालून आणि प्रशिक्षित माणसाच्या हातून व्हावे असा त्यांचा कटाक्ष होता. रुग्णालयात ते शक्य होते, घरी परतल्यावर ते कोण करणार?

मिशिगन विद्यापीठातील मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडेस यांनी १९७२ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला त्याने हा अडसर दूर केला. त्यांचे म्हणणे असे की, मूत्राशयात जंतू शिरल्याने आजार होतो हे अर्धेच खरे आहे. मूत्राशय फार ताणले गेले की त्याच्या भिंतीतील रक्तपुरवठा कमी होतो, भिंत दुबळी पडते आणि मग तेच जंतू घर करतात. तेव्हा निर्जंतुकपणापेक्षा वेळेवर रिकामे करणे महत्त्वाचे आहे. साबणपाण्याने हात धुवा, स्वच्छ धुतलेली नळी वापरा आणि दर तीन-चार तासांनी मूत्राशय रिकामे करा, एवढेच त्यांनी सांगितले. निर्जंतुकतेचे संस्कार घेऊन वाढलेल्या शल्यचिकित्सकांना हे पचणे कठीण होते आणि लॅपिडेस यांना कडाडून विरोध झाला. परंतु रुग्णांचे मूत्रपिंड टिकत होते, तापाचे प्रमाण घटत होते, आणि थोड्याच वर्षांत ही पद्धत जगभर मान्य झाली. आपल्याकडच्या कितीतरी घरांत, जिथे निर्जंतुक साहित्याची पाकिटे रोज विकत घेणे परवडणारे नाही, तिथे आज एखादी आई साबणाने हात धुऊन आपल्या लेकराला नळी घालते, ते लॅपिडेस यांच्या या धिटाईमुळे. लघवी साठवायला फक्त एक सुरक्षित पिशवी हवी, ती आपोआप रिकामी होण्याची गरज नाही, कारण रिकामी करायला नळी आहे: हा विचार रुजला आणि मूत्रमार्गाच्या पुनर्रचनेचे सगळे गणितच बदलले.

आता अडचण उरली ती नळी घालण्याच्या जागेची. कमरेला आणि पायांना कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावलेली, चाकाच्या खुर्चीत बसलेली दहा-बारा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला खुर्चीतून उतरून आडवे व्हावे लागते, कॅलिपर सोडावे लागतात, कपडे काढावे लागतात, पाय फाकवून धरावे लागतात आणि मग आरशात पाहून आपल्या मूत्रमार्गाचे तोंड शोधावे लागते. पाठीला बाक असेल तर तिला ते दिसतही नाही. त्यामुळे हे काम दिवसातून पाच-सहा वेळा आईच करते, आणि मुलगी मोठी होऊ लागली तरी आईच करत राहते. काही मुलांची अडचण वेगळी असते. ज्यांच्या मूत्रमार्गावर आधीच शस्त्रक्रिया झालेल्या असतात किंवा ज्यांची संवेदना शाबूत असते, त्या मुलग्यांना मूत्रमार्गातून नळी घालणे फार दुखते. ज्यांचे मूत्राशय जन्मतः उघडे होते आणि बंद करून दिलेले आहे, त्यांच्यात मूत्रमार्ग इतका वेडावाकडा असतो की नळी पुढे सरकतच नाही.

मित्रोफानोफ यांनी जे केले त्यात तिन्ही सामग्री आधीपासून उपलब्ध होती. पहिली, लॅपिडेस यांची अधूनमधून नळी घालण्याची पद्धत. दुसरी, मूत्रवाहिनी मूत्राशयात पुन्हा रोवण्याचे तंत्र. लघवी उलटी वर मूत्रपिंडाकडे चढू नये म्हणून शल्यचिकित्सक मूत्रवाहिनीला मूत्राशयाच्या आतल्या अस्तराखालून बोगदा करून नेतात, आणि पोलिटानो व लेडबेटर यांनी १९५८ मध्ये मांडलेली रीत तोवर चांगली रुळलेली होती. या बोगद्याचे काम समजायला सोपे आहे. रबरी पिशवीच्या अस्तराखाली एक मऊ नळी सरकवलेली आहे असे समजा. पिशवी रिकामी असताना नळी मोकळी असते, पण पिशवी भरत गेली की आतला दाब अस्तराला ढकलतो आणि अस्तर त्या नळीला मागच्या भिंतीवर चेपून बंद करते. पिशवी जितकी भरेल तितकी नळी घट्ट मिटते. यासाठी बोगद्याची लांबी नळीच्या जाडीच्या चार-पाच पट असावी लागते. मूत्रवाहिनीत ही झडप लघवीला वर जाऊ देत नाही. मित्रोफानोफ यांनी तीच झडप लघवीला पोटाबाहेर गळू न देण्यासाठी वापरली. आणि तिसरी सामग्री, अपेंडिक्स.

अपेंडिक्सची निवड का झाली, हे मला या कहाणीतले सर्वांत सुंदर स्थळ वाटते. नळीसारखी वस्तू शरीरात कुठेतरी तयार हवी, तिची आतली पोकळी अरुंद पण नळी जाण्याइतकी मोकळी हवी, भिंतीत थोडा स्नायू हवा, तिला स्वतःचा रक्तपुरवठा हवा, आणि ती काढून घेतल्याने मुलाचे काहीही बिघडता कामा नये. अपेंडिक्स या सगळ्या अटी पुऱ्या करते. सात-आठ सेंटिमीटर लांबीची ही नळी एका पातळ पडद्याच्या घडीला लोंबकळत असते आणि त्या घडीतून तिची स्वतःची रोहिणी येते. आतड्यापासून तिला कापले, पण ती घडी आणि ती रोहिणी शाबूत ठेवली, तर अपेंडिक्स जिवंत राहून पोटाच्या आत हवे तिथे वळवता येते. शस्त्रक्रियेत प्रथम तिचा पाया मोठ्या आतड्यापासून वेगळा करून आतड्याचे छिद्र शिवून टाकतात. मग तिचे टोक छाटून आतून धुऊन घेतात, आणि योग्य जाडीची नळी आरपार जाते की नाही ते पाहतात. या नळ्यांची जाडी आजही पॅरिसमधील हत्यारे बनवणाऱ्या शारिएर यांच्या मापाने मोजतात, ज्यात एक अंश म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. बारा मापाची नळी म्हणजे चार मिलिमीटर जाड. छाटलेले टोक मूत्राशयाच्या अस्तराखालच्या बोगद्यात रोवतात, आणि पाया पोटाच्या उजव्या बाजूच्या त्वचेत किंवा पुढे रूढ झाल्याप्रमाणे बेंबीत आणून शिवतात. तीन ते चार आठवडे नळी आतच ठेवतात, आणि त्यानंतर मूल दर तीन-चार तासांनी स्वतः नळी घालू लागते. मित्रोफानोफ यांच्या मूळ पद्धतीत आणखी एक पाऊल होते: मूत्राशयाची मान, म्हणजे मूत्रमार्ग सुरू होतो ती खालची अरुंद जागा, कायमची बंद करून टाकणे, म्हणजे खालून गळण्याची वाटच राहू नये.

अपेंडिक्सचा उपयोग करण्याची कल्पना अगदी नवी नव्हती, हे सांगितले पाहिजे. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट वेअर यांनी आतड्याच्या दाहाने पीडित रुग्णांचे अपेंडिक्स पोटावर उघडून त्यातून आतडे धुण्याची शस्त्रक्रिया केली होती, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रुसेल्सच्या व्हरहूगन यांनी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे मूत्राशय करून अपेंडिक्समधून त्याची वाट काढण्याचा प्रयत्न केला होता. तो मागे पडला, कारण तेव्हा अशा शस्त्रक्रियेतून रुग्ण वाचवणेच अवघड होते आणि वाट बंद ठेवणारी खात्रीची झडप अजून कोणाजवळ नव्हती. मित्रोफानोफ यांनी मुलाचे स्वतःचे मूत्राशय ठेवले, अपेंडिक्सला फक्त वाट म्हणून वापरले आणि ती वाट त्याच्या हाताला सापडेल तिथे काढली. माझ्या दृष्टीने त्यांचे खरे योगदान या शेवटच्या गोष्टीत आहे. शल्यचिकित्सक अवयवाच्या रचनेचा विचार करतात, पण त्या मुलाचा हात कुठवर पोचतो याचा विचार करून छेद कुठे घ्यायचा ते ठरवणारे फार थोडे असतात.

१९८० मध्ये त्यांनी फ्रेंच बालशल्यचिकित्सेच्या नियतकालिकात १६ मुलांचे अनुभव मांडले. लेख फ्रेंचमध्ये होता, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाने त्याच्याकडे जवळजवळ पाच वर्षे लक्ष दिले नाही. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील जॉन डकेट आणि हॉवर्ड स्नायडर यांनी मग ही पद्धत उचलली, आणि १९८६ मध्ये तिची वेगवेगळी रूपे मांडताना त्यांनी ‘मित्रोफानोफ तत्त्व’ हा शब्दप्रयोग वापरला. शस्त्रक्रियेला त्यांनी तत्त्व का म्हटले, हे महत्त्वाचे आहे. अपेंडिक्स असो किंवा दुसरी कोणतीही बारीक नळी असो, ती अस्तराखालच्या बोगद्यातून कमी दाबाच्या साठ्यात रोवली आणि साठा नळीने रिकामा केला, तर लघवी रोखली जाते, हा नियम त्यांनी त्यातून वेगळा काढला. १९८९ मध्ये इंग्लंडमधून वुडहाउस व सहकाऱ्यांनीही आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. शोध कोणत्या भाषेत लिहिला जातो यावरून तो कोणत्या मुलाला केव्हा मिळणार हे ठरते, याची मला या गोष्टीत खंत वाटते, कारण त्या पाच वर्षांत किती मुलांच्या पोटावर पिशव्या बसल्या असतील!

आता या पद्धतीतल्या मूळ दोषाकडे वळू. तो मित्रोफानोफ यांच्या हातून झालेल्या चुकीचा नव्हता, त्या वेळच्या ज्ञानाच्या मर्यादेचा होता. गळणारे मूत्राशय मुलाला ओले ठेवते, पण गळतीमुळेच आतला दाब एका मर्यादेबाहेर जात नाही, आणि मूत्रपिंडे सुरक्षित राहतात. १९८१ मध्ये एडवर्ड मॅग्वायर व सहकाऱ्यांनी स्पायना बायफिडाच्या मुलांमध्ये मूत्राशयाचा दाब मोजून दाखवले की, गळती सुरू होण्याच्या क्षणी हा दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंच स्तंभाच्या दाबापेक्षा जास्त असेल, तर मूत्रपिंडांची हानी होण्याची शक्यता खूप वाढते. याचा अर्थ असा की, मूत्राशयाची मान बंद केली आणि पोटावरची वाट पक्की झडप घालून मिटवली, तर आधी गळतीने सुटणारा दाब आता सरळ मूत्रपिंडांवर जातो. सुरुवातीच्या रुग्णांपैकी अनेकांच्या बाबतीत हेच झाले, आणि त्यांचे मूत्राशय नंतर आतड्याचा तुकडा जोडून मोठे करावे लागले. त्या अनुभवातून आजचा नियम निघाला. वाट करायची ठरली की आधी मूत्राशयाचा दाब मोजायचा, औषधांनी तो कमी होतो का ते पाहायचे आणि होत नसेल तर वाट करतानाच मूत्राशयही वाढवायचे. मान बंद करण्याची घाई आता कोणी करत नाही, कारण अडचणीच्या वेळी खालून गळण्याची एक वाट शिल्लक असलेली बरी.

२००१ मध्ये मित्रोफानोफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पहिल्या २३ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, ज्यांची शस्त्रक्रिया होऊन सरासरी वीस वर्षे झाली होती. मघाशी ज्या दीर्घ पाठपुराव्याचा मी उल्लेख केला, त्याचे हे दुसरे उदाहरण. वीस वर्षांपूर्वी स्वतः शोधलेल्या शस्त्रक्रियेचे बरेवाईट परिणाम स्वतःच मोजायचे आणि किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले तेही लिहायचे, याला मनाचा प्रामाणिकपणा लागतो. त्वचेवरचे तोंड अरुंद होणे ही आजही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. वेगवेगळ्या अहवालांत दर शंभर रुग्णांमागे दहा ते तीस जणांना तिचा त्रास होतो, आणि नळी न जाणे म्हणजे रात्री-अपरात्री रुग्णालय गाठणे. आतड्याने मूत्राशय वाढवलेले असेल तर आतून बुळबुळीत स्राव येतो, तो धुऊन काढला नाही तर खडे होतात. आम्ही आईवडिलांना शस्त्रक्रियेआधी हे सगळे सांगतो, आणि ऐकून कोणी मागे हटले तर त्यांना दोष देत नाही.

या तत्त्वाची दोन अपत्ये मात्र थोडक्यात सांगायला हवीत. १९९० मध्ये इंग्लंडच्या पॅड्रेग मालोन आणि सहकाऱ्यांनी अपेंडिक्सची तीच वाट मोठ्या आतड्यात ठेवून वरून पाणी सोडण्याची कल्पना मांडली, आणि ज्या मुलांना शौचावर ताबा नाही त्यांना दिवसातून एकदा आतडे धुऊन उरलेला दिवस कोरडा ठेवता येऊ लागला. वेअर यांची जुनी युक्ती अशा रीतीने परत आली. परंतु स्पायना बायफिडाच्या मुलाला लघवी आणि शौच या दोन्हींसाठी वाट हवी असते आणि अपेंडिक्स एकच असते. त्यावर ब्राझीलच्या पाउलो मोंती यांनी १९९७ मध्ये उपाय मांडला: लहान आतड्याचा सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीचा पट्टा उघडायचा आणि आडव्या दिशेने पुन्हा गुंडाळून त्यातून लांब, अरुंद नळी तयार करायची. तैवानच्या यांग यांनी याआधी अशीच युक्ती सुचवली होती, म्हणून पुष्कळ ठिकाणी दोघांची नावे एकत्र घेतली जातात. या सगळ्याचा एक परिणाम मला विशेष वाटतो. पूर्वी पोटाची दुसरी शस्त्रक्रिया करताना शल्यचिकित्सक ‘जाता जाता’ अपेंडिक्स काढून टाकत असत. आता पाठीत किंवा मूत्रमार्गात जन्मजात दोष असलेल्या मुलाचे अपेंडिक्स कोणी असे काढत नाही, कारण कदाचित तेच पुढे त्याच्या कामाला येणार असते.

आपल्याकडच्या अनुभवाविषयी थोडे. एक अकरा वर्षांची मुलगी मला नीट आठवते. तिची आई दिवसातून दोन वेळा शाळेत येऊन, मुख्याध्यापिकांच्या खोलीच्या मागे पडदा लावून, तिला नळी घालून जायची. शस्त्रक्रियेविषयी आम्ही आईला समजावत होतो, तेवढ्यात मुलगीच मध्ये बोलली: ‘‘डॉक्टरकाका, म्हणजे मला खुर्चीतून उतरावं लागणार नाही?’’ मी म्हटले, ‘‘नाही, बाळ. बसल्या बसल्या सदरा थोडा वर केलास की झालं.’’ तिने आईकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘मग आईलाही शाळेत यायला नको.’’ एवढेच बोलणे झाले, पण मित्रोफानोफ यांच्या कामाचे सार मला त्या दिवशी तिच्याकडून कळले. नंतर तिने आठवड्याभरात नळी घालणे शिकून घेतले, आणि आम्ही तिला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या: वेळ चुकवायची नाही, आणि लॅटेक्सच्या रबराची नळी वापरायची नाही. या मुलांना लॅटेक्सची तीव्र ॲलर्जी होण्याचा धोका असतो, कारण लहानपणापासूनच्या शस्त्रक्रियांमध्ये त्यांचा त्याच्याशी वारंवार संबंध येतो. म्हणून त्यांच्यासाठी लॅटेक्सविरहित नळ्याच वापरतात.

गेल्या काही दशकांत ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने आणि पुढे रोबोटच्या साहाय्यानेही होऊ लागली. शिकागोतील मोहन गुंदेटी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मूत्राशय वाढवण्यासह संपूर्ण शस्त्रक्रिया पोटाच्या आतच, रोबोटने पार पाडल्याचे प्रसिद्ध केले. मूळ पायऱ्या मात्र त्याच आहेत: अपेंडिक्सची रोहिणी सांभाळा, अस्तराखालून बोगदा करा, तोंड हाताला येईल तिथे काढा.

ज्या मुलींची वाट आम्ही बालवयात केली त्या आता प्रौढ आहेत, काहींची लग्ने झाली आहेत आणि काहींना मुलेही झाली आहेत. गर्भाशय वाढताना ही वाट ताणली जाते, नळी घालणे कठीण होऊ शकते, आणि सिझेरियन करायचे ठरले तर अपेंडिक्सची रोहिणी नेमकी कुठून जाते हे माहीत नसलेल्या हाताने ती कापली जाण्याची भीती असते. म्हणून प्रसूतीच्या वेळी मूत्ररोगतज्ज्ञ जवळ असावा, आणि वाट कुठून कुठे जाते याचे साधे रेखाचित्र त्या मुलीच्या फाईलमध्ये, तिच्या स्वतःच्या ताब्यात असावे, असे आम्ही घरी सोडतानाच सांगतो. शस्त्रक्रिया बालशल्यचिकित्सकाने केलेली असते आणि तिच्यासमोर उभ्या असलेल्या प्रसूतितज्ज्ञाने ती कधी पाहिलेली नसते. त्या रेखाचित्रात अपेंडिक्स कुठे रोवले आहे, त्याच्या रोहिणीची घडी कोणत्या बाजूला आहे, मूत्राशयाला आतड्याचा तुकडा जोडला आहे की नाही आणि मान बंद आहे की उघडी, या चार गोष्टी लिहिलेल्या असल्या तर पोट उघडणाऱ्या डॉक्टरांना तेवढ्यावरून छेद कुठे घ्यायचा ते ठरवता येते.